ठशाची साक्ष : फिलाडेल्फियाची सुरुवातीची सोन्याची नाणी



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते जन्मभर दप्तरं वाचत राहिले. त्यांच्या नावाच्या या व्यासपीठावरून मी आज दप्तरालाच उलटतपासणीसाठी उभं करणार आहे. साक्षीदार आहे पोलादाचा ठसा. नाणं ज्याच्या दाबाने पाडलं जातं तो हा ठसा. आपल्याकडे कारखान्यात त्याला सरळ डाय म्हणतात. स्थळ फिलाडेल्फिया, काळ १७९५ ते १८३४.

सुरुवात एका हिशेबापासून करू. हाफ ईगल म्हणजे पाच डॉलरचं सोन्याचं नाणं. अमेरिकन टांकसाळीच्या नोंदीप्रमाणे १८२२ या वर्षात १७,७९६ हाफ ईगल तयार झाली. आज १८२२ हे साल कोरलेली हाफ ईगल जगात फक्त तीन माहीत आहेत. दोन स्मिथसोनियन संस्थेच्या राष्ट्रीय संग्रहात आहेत. तिसरं २०२१ च्या मार्चमध्ये लिलावात ८४ लाख डॉलरला गेलं. मग उरलेली सतरा हजार गेली कुठे?

नेहमीचं उत्तर असं की ती वितळवली गेली. ते खरंच आहे. अमेरिकेच्या कायद्याने सोनं आणि चांदी यांचं मोल १५ ला १ असं बांधून दिलं होतं आणि युरोपात सोन्याला त्याहून जास्त भाव होता. नाण्यावरच्या किमतीपेक्षा आतल्या धातूची किंमत वाढली, तेव्हा व्यापाऱ्यांनी नाणी परदेशी धाडली आणि ती तिकडच्या मुशीत गेली. पण एवढ्याने उत्तर पुरं होत नाही, कारण आपला प्रश्नच थोडा चुकला आहे. टांकसाळीचा कारकून लिहीत होता त्या वर्षात किती नाणी तयार होऊन पुढे दिली गेली ते. त्या नाण्यांवर कुठलं साल कोरलेलं आहे, हा त्याच्या कामाचा भागच नव्हता. पोलाद महाग होतं आणि ठसा करणारे हात मोजके होते. जुन्या सालाचा ठसा धड असेल तर तो नव्या वर्षातही खुशाल चालवत. म्हणजे त्या १७,७९६ मधली किती नाणी १८२२ साल मिरवत होती, हे ती नोंदवही आपल्याला सांगूच शकत नाही.

आज मला जे म्हणायचं आहे ते एवढंच : वही सांगते किती, ठसा सांगतो कशानंतर काय. या दोन साक्षी वेगळ्या प्रश्नांच्या आहेत आणि एकीचं काम दुसरीवर लादलं की इतिहास चुकतो.

आता थोडी पार्श्वभूमी. २ एप्रिल १७९२ च्या कायद्याने अमेरिकेची टांकसाळ उभी राहिली आणि सोन्याची तीन नाणी ठरली : दहा डॉलरचं ईगल, त्याच्या निम्मं हाफ ईगल आणि पाव क्वार्टर ईगल. ईगलचं वजन २७० ग्रेन, त्यात शुद्ध सोनं साडेदोनशेला जरा कमी, म्हणजे २४७.५ ग्रेन. बारा भागांत अकरा भाग सोनं, एक भाग मिश्रण. कायदा झाला तरी सोन्याचं काम लगेच सुरू झालं नाही. मौल्यवान धातू हाताळणाऱ्या अधिकाऱ्यांनी दहा हजार डॉलरचा जामीन द्यायचा, अशी अट होती आणि तेवढी ऐपत त्यांच्यापाशी नव्हती. १७९४ मध्ये संसदेने रक्कम कमी केली तेव्हा कुठे वाट मोकळी झाली. सोनं सरकारचं नसे. व्यापारी आणि बँका आपलं सोनं आणून देत आणि नाणी करून नेत. बॉस्टनचे व्यापारी मोझेस ब्राउन यांनी १७९५ च्या फेब्रुवारीत अशी पहिली ठेव आणली. ३१ जुलै १७९५ ला पहिली ७४४ हाफ ईगल तयार झाली. ईगल सप्टेंबरात आली आणि क्वार्टर ईगल पुढच्या वर्षी.

ठसे करण्याचं काम मुख्य खोदकार रॉबर्ट स्कॉट यांच्याकडे होतं. ठसा कसा होई हे नीट पाहिलं पाहिजे, कारण आपला सगळा अभ्यास त्या रीतीतून उगवतो. स्वातंत्र्यदेवतेचं मुख, गरुड अशा मोठ्या आकृतींचा एक पंच, म्हणजे ठोकून आकृती उमटवायचा पोलादी खिळा, असे. मऊ केलेल्या पोलादाच्या तुकड्यावर तो दाबून मुख्य आकृती उठवत. पुढचं सगळं हाताने. LIBERTY या शब्दाचं एकेक अक्षर, सालाचा एकेक आकडा, एकेक तारा वेगवेगळ्या पंचाने ठोकायचा. फांदीची पानं, फळं, देठ यांची डागडुजी कोरणीने करायची. मग ठसा तापवून पाण्यात बुडवून कडक करायचा. जुन्या छापखान्यात कंपोझिटर खिळे जुळवून पान लावी आणि तोच मजकूर दुसऱ्यांदा लावला की कुठे तरी अंतर बदलेच; तसंच हे. एका सालाचे दोन ठसे एकाच माणसाने एकाच आठवड्यात केले तरी तारा केसभर सरकतो, आकडा किंचित कलतो, पान एखादं जास्त होतं.

म्हणून नाण्याची जात, म्हणजे ते नेमक्या कुठल्या ठशांच्या जोडीने पाडलं आहे हे, ओळखायला बसलेला माणूस नाण्याचं सौंदर्य आधी पाहत नाही. तो अंतरं मोजतो. पहिला तारा केसांच्या बटेपासून किती लांब आहे? शेवटचा तारा खांद्याला टेकतो का? सालातला शेवटचा आकडा गळ्याच्या रेषेत शिरतो का? पाठीमागे गरुडाच्या पंखाचं टोक UNITED मधल्या कुठल्या अक्षराखाली येतं? ढोबळ खुणाही असतात. १७९५ च्या ईगलवर गरुडाच्या पायाखाली ताडाची फांदी आहे. बहुतेक नाण्यांवर तिला तेरा पानं आहेत आणि एका ठशावर नऊच. नऊ पानांची नाणी अगदी मोजकी राहिली आहेत. १७९८ च्या ईगलवर साल जुन्या ७ वर ८ ठोकून केलेलं आहे. त्यात डावीकडे नऊ आणि उजवीकडे चार तारे असलेला एक ठसा आहे आणि डावीकडे सात, उजवीकडे सहा असा दुसरा. दुसरा फार दुर्मीळ. १८०६ च्या हाफ ईगलवर ६ चं टोक अणकुचीदार असेल तर तारे आठ आणि पाच, टोकाला गाठ असेल तर सात आणि सहा. एकाने आकड्याकडे पाहावं, दुसऱ्याने तारे मोजावेत, दोघं एकाच ठिकाणी पोचतात.

इथे नवख्याची एक गल्लत नेहमी होते. नाण्यावरची प्रत्येक खूण ठशाची नसते. सोन्याच्या कोऱ्या चकत्या वजनाला जरा जड ठेवत आणि मग कानशीने घासून नेमक्या वजनावर आणत. हे काम करायला १७९५ मध्ये टांकसाळीने सारा वॉल्ड्रेक आणि रेचल समर्स या दोन स्त्रियांना ठेवलं. त्यांच्या कानशीचे ओरखडे आजही कित्येक नाण्यांवर दिसतात, कधी थेट देवतेच्या गालावर. ते ओरखडे त्या एकाच नाण्याचे. ठशाशी त्यांचा संबंध नाही. ओळखायची रीत सोपी आहे. ठशाला तडा गेला की त्या फटीत धातू शिरतो आणि नाण्यावर उंचावलेली रेघ उमटते. नाण्यावर काही ओरखडलं गेलं तर रेघ खोल जाते. उंच रेघ ठशाची, खोल रेघ नाण्याची. भिंग हातात घेणाऱ्याने हे पहिल्या दिवशी शिकावं.

आणि ही उंच रेघच आपलं घड्याळ आहे. पोलाद कडक करण्याचं तेव्हाचं तंत्र लहरी होतं. काही ठसे थोड्याच नाण्यांत तडकत, काही वर्षानुवर्षं टिकत. तडा एकदा गेला की तो वाढतोच, मिटत नाही. एका नाण्यावर तडा काठापासून पहिल्या ताऱ्यापर्यंत असेल आणि दुसऱ्यावर त्याच ठशाचा तडा पार हनुवटीपर्यंत गेला असेल, तर दुसरं नाणं नंतरचं. कधी दाबयंत्रात चकती घालायची राहून जाई आणि दोन ठसे एकमेकांवर आपटत. मग देवतेच्या गळ्यापाशी गरुडाच्या पंखाची पुसट सावली उमटे. टांकसाळीतले लोक ती सावली ठसा घासून काढत, आणि घासताना बारीक पानं, पिसांची टोकं हीसुद्धा निघून जात. त्यामुळे सावली नसलेलं नाणं आधीचंच असं धरता येत नाही. पानांचे देठ तुटके दिसले तर ते घासल्यानंतरचं असू शकतं. एक खूण एकटी बोलत नाही, दोन-तीन खुणांची जबानी जुळावी लागते.

आता दर्शनी ठसा आणि पाठचा ठसा यांची जोडी पाहा. त्या काळच्या सोन्याच्या नाण्यांवर साल फक्त दर्शनी बाजूला असे. पाठच्या ठशाला वर्षाचं बंधन नव्हतं. एका दर्शनी ठशाला आळीपाळीने दोन पाठचे ठसे जोडत, मग त्यातला एक दुसऱ्याच सालाच्या ठशाला जोडत. अशा जोड्या एकमेकींना साखळीच्या कड्यांसारख्या अडकतात. पाठचा तोच ठसा १७९७ च्या नाण्यावर धड आणि १७९८ च्या नाण्यावर तडकलेला दिसला, तर क्रम सरळ आहे. पण कधी उलटं दिसतं : पुढच्या सालाच्या नाण्यावर ठसा धड, मागच्या सालाच्या नाण्यावर तडकलेला. मग मान्य करावं लागतं की मागचं साल असलेलं नाणं प्रत्यक्षात नंतर पाडलं आहे.

१७९५ च्या हाफ ईगलची गोष्ट याच प्रकारची. या नाण्याची पाठ दोन तऱ्हेची आढळते. एकीवर चोचीत हार धरलेला छोटा गरुड आहे, दुसरीवर छातीवर ढाल घेतलेला राजमुद्रेतला गरुड. ढालीचा गरुड पहिल्यांदा आला तो १७९६ च्या क्वार्टर ईगलवर. मग १७९५ साली तो हाफ ईगलवर कसा? ठशांच्या जोड्या आणि झीज पाहून अभ्यासकांनी मत मांडलं की ही नाणी साधारण १७९८ च्या सुमाराची असावीत; उपयोगी वाटलेला जुना दर्शनी ठसा पुन्हा बाहेर काढला गेला. त्या वर्षांत फिलाडेल्फियात पिवळ्या तापाची साथ वारंवार येई आणि टांकसाळ बंद ठेवावी लागे. अशा धांदलीत जुने-नवे ठसे एकत्र झाले असतील, हा तर्क पटण्याजोगा आहे. उलट बाजूने १७९८ साल आणि जुना छोटा गरुड अशी जोडीही आहे. तिची सात-आठच नाणी शिल्लक आहेत.

ठसा कधी न पाडलेल्या नाण्याचीही साक्ष देतो. १८०१ साल असलेलं एकही हाफ ईगल कुणाला सापडलेलं नाही. पण १८०२ ची जेवढी हाफ ईगल माहीत आहेत, त्या सगळ्यांवर २ च्या खालून १ डोकावतो. म्हणजे १८०१ चे ठसे तयार झाले होते, वापरायची वेळ आली नाही, आणि पुढच्या वर्षी त्यांच्यावरच नवा आकडा ठोकला. १८०३ मध्येही तेच, ३ खाली २. हे कुठल्याही वहीत नाही. नाण्यावर आहे.

या सगळ्या शास्त्रात मला सगळ्यात मोहवणारा भाग मात्र सोन्यापेक्षा चांदीचा आहे. क्वार्टर ईगल आणि चांदीचं दहा सेंटचं डाइम यांचा व्यास जवळपास सारखा होता. दोन्हींवर किंमत लिहिलेली नसे; सोनं पिवळं, चांदी पांढरी, लोकांना तेवढं पुरे. दोन्हींच्या पाठीवर तोच ढालीचा गरुड. मग टांकसाळीने वेगळे ठसे कशाला करावेत? एकच पाठचा ठसा आज सोन्यावर आणि उद्या चांदीवर चालवला. १८०४ ची दोन्ही नाणी घ्या. गरुडाच्या वर तेरा ताऱ्यांचा एक ठसा, चौदा ताऱ्यांचा दुसरा. दोन्ही डाइमवर दिसतात आणि दोन्ही क्वार्टर ईगलवर. त्यात तेरा ताऱ्यांचं क्वार्टर ईगल हे या मालिकेतलं फार दुर्मीळ नाणं. याचा अर्थ असा की सोन्याच्या एका दुर्मीळ नाण्याचा जन्मक्रम ठरवायला दहा सेंटच्या झिजलेल्या डाइमवरचा तडा मोजावा लागतो. लाखोंच्या नाण्याचं भवितव्य कुणाच्या तरी खणातल्या साध्या चांदीच्या तुकड्यावर अवलंबून असतं. फक्त सोन्याचा संग्रह करणाऱ्याला हे उत्तर कधीच मिळणार नाही.

पुढे खोदकार जॉन राइख यांनी १८०७ मध्ये हाफ ईगलचं नवं रूप केलं आणि पाठीवर किंमत आली. १८०८ चं क्वार्टर ईगल २,७१० नगांचं, ठशांची एकच जोडी; तिथे जात ओळखायचा प्रश्नच उरत नाही.

आता एक प्रकरण असं की जिथे वही, ठसा आणि राजकारण तिघं एकत्र येतात. ईगल पाडणं १८०४ मध्ये थांबलं. तीस वर्षांनी, १८३४ च्या अखेरीस, परराष्ट्रमंत्री जॉन फोर्सिथ यांनी पूर्वेकडच्या राजांना भेट द्यायला प्रत्येक नाण्याचा एकेक उत्तम नमुना मागवला. टांकसाळीने वही उघडली. ईगलचं शेवटचं वर्ष १८०४. मग १८०४ सालाचेच नवे ठसे करून ईगल पाडली. जुन्या १८०४ च्या ईगलवर ४ च्या आडव्या रेघेच्या टोकाला एक छोटी उभी टोपी आहे. नव्या ठशावरचा ४ साधा, टोपीविना. कारण आकड्यांचे पंच बदलले होते. अशी साध्या ४ ची चारच ईगल माहीत आहेत. १८०४ सालाचे सुप्रसिद्ध चांदीचे डॉलरही याच भेटींसाठी पाडले गेले. त्यांच्या बाबतीत तर १८०४ च्या वर्षात पाडलेल्या डॉलरांवर जुनीच सालं होती. वहीवर आंधळा विश्वास ठेवून टांकसाळीने स्वतःच्याच इतिहासात एक कल्पित नाणं घातलं.

हा नजराणा घेऊन एडमंड रॉबर्ट्स हे दूत पीकॉक या जहाजावर निघाले. मस्कतला जाताना मसिरा बेटाजवळ जहाज खडकावर चढलं. कसंबसं ते सुटलं, मस्कतच्या सुलतानाची भेट झाली आणि मग १८३५ च्या अखेरच्या महिन्यांत जहाज दुरुस्तीसाठी मुंबईच्या गोदीत आलं. सयामच्या राजाकडे ते पोचलं पुढच्या वर्षी. सयामचा संच १९६२ मध्ये पुन्हा जगासमोर आला, तेव्हा अमेरिकन संग्राहकांमध्ये खळबळ उडाली. नकाशावर पाहिलं तर या प्रवासाचा एक मुक्काम आपल्या मुंबईचा आहे.

ठशांचं हे ज्ञान एका माणसाने गोळा केलेलं नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एडगर ॲडम्स यांनी सोन्याच्या नाण्यांच्या याद्या केल्या. १९६० च्या दशकात वॉल्टर ब्रीन यांनी जातवार पुस्तिका काढल्या. हाफ ईगलवर रॉबर्ट मिलर आणि ईगलवर अँथनी तारास्का यांनी १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात स्वतंत्र पुस्तकं लिहिली. पण खरा पाया घातला टेक्ससमधल्या हॅरी बास यांनी. इतर संग्राहक प्रत्येक सालाचं एक देखणं नाणं घेऊन थांबत. बास त्याच जातीची दुसरी, तिसरी नाणी घेत, कारण त्यांना तडा कसा वाढत गेला हे पाहायचं होतं. १९९८ मध्ये ते वारले. त्यांच्या टिपणांवरून आणि नाण्यांवरून जॉन डॅनरॉयथर यांनी २००६ मध्ये ग्रंथ पुरा केला. आज जातींच्या क्रमांकांना ‘बीडी’ क्रमांक म्हणतात ते या दोघांच्या आडनावांवरून. प्रत्येक सालात हे क्रमांक शक्यतो नाणी पाडल्याच्या क्रमाने दिलेले आहेत. म्हणजे क्रमांक हे केवळ नाव नाही, ते एक विधान आहे. उद्या वेगळ्या अवस्थेतलं एक नाणं पुढे आलं तर ते विधान बदलावं लागेल.

या अभ्यासाचा रोकडा उपयोगही सांगतो. खोटं नाणं ओळखण्याचा हा भक्कम मार्ग आहे. खऱ्या नाण्याला ओळखीच्या ठशांच्या जोडीशी जुळावंच लागतं. खोटं करणारा कुठल्या तरी एका खऱ्या नाण्यावरून साचा घेतो. मग त्या नाण्यावरचा खाचखळगा, कानशीचा ओरखडासुद्धा प्रत्येक नकलेवर जसाच्या तसा उतरतो. मघाशी आपण म्हटलं, ओरखडा एकाच नाण्याचा असतो. तोच ओरखडा दोन नाण्यांवर दिसला की चोर सापडला. दर्शनी बाजू एका सालाची आणि पाठ अशी की जी तिच्याशी कधी जोडलीच गेली नव्हती, असंही खोट्या नाण्यांत घडतं.

या पद्धतीच्या मर्यादाही आहेत. तडा क्रम सांगतो, तारीख सांगत नाही. आधी-नंतर कळतं, त्या दोहोंत एक दिवस गेला की दोन वर्षं, हे कळत नाही. तिथे पुन्हा वहीकडेच जावं लागतं : कुठल्या दिवशी किती नाणी पुढे गेली, टांकसाळ कधी बंद होती, ठेव कुणाची होती. शिल्लक नाण्यांवरून मूळ संख्येचा अंदाज बांधणं तर फारच जोखमीचं, कारण मुशीने कुठली जात जास्त खाल्ली हे कुणी लिहून ठेवलेलं नाही. मी दप्तराला उलटतपासणीसाठी बोलावलं, हद्दपार करायला नव्हे.

शेवटी एक मागणं मांडतो आणि थांबतो. आपण संग्रहालयांत, सूचींमध्ये, पुस्तकांत प्रत्येक प्रकारच्या नाण्याचं एक चित्र छापतो आणि खाली लिहितो, ‘अशी इतकी नाणी’. ज्या क्षणी आपण ‘अशी’ म्हणतो त्या क्षणी पुरावा बाद होतो, कारण माहिती सारखेपणात नसते, फरकात असते. बास यांच्या नाण्यांची छायाचित्रं अभ्यासकांना खुली झाली म्हणून फिलाडेल्फियाच्या एका लहानशा कारखान्यातला कामाचा क्रम दोनशे वर्षांनी लावता आला. हातात संग्रह असणाऱ्या प्रत्येक संस्थेने, मग ती कुठलीही असो, आपल्या एकेका नाण्याच्या दोन्ही बाजूंचं स्पष्ट छायाचित्र आणि वजन प्रसिद्ध करावं. झिजलेल्या, फुटक्या, ‘प्रदर्शनाला अयोग्य’ म्हणून बाजूला टाकलेल्या नाण्यांचं आधी करावं. पुढच्या अभ्यासकाला हवा असलेला तडा बहुधा त्यांच्यावरच असेल.